परिस्थितिविज्ञानाचा पहिला धडा

शास्त्रांचे इतिहास लिहिणारे लोक पाठ्यपुस्तकांकडे सहसा ढुंकूनही पाहात नाहींत, आणि एका अर्थीं तें योग्यच आहे. आधीं शोध लागतात, मग त्या शोधांवर वाद माजतात, वाद शमले म्हणजे जाडजूड ग्रंथ निघतात, आणि त्या ग्रंथांतील रस आटल्यावर उरलेला चोथा पाठ्यपुस्तकाच्या रूपानें विद्यार्थ्याच्या पानांत पडतो. बहुतेक शास्त्रांचा क्रम थोडाबहुत असाच आहे. परंतु एका शास्त्राच्या बाबतींत हा क्रम जवळजवळ उलटा झाला. कोणी एकानें नवशिक्या विद्यार्थ्यांपुढें व्याख्यानें दिलीं. तीं छापलीं गेलीं. तें पुस्तक परदेशीं गेलें. तेथल्या कोणा तरुण शिक्षकानें तें वाचून आपला वर्ग उठवून रानांत नेला. आणि त्या रानांत शास्त्र आकारास आलें. हें शास्त्र म्हणजे परिस्थितिविज्ञान. त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशीं त्याच्या पहिल्या धड्याचाच इतिहास आहे, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. माझ्या भाचीच्या एका वहीमुळें हा विषय माझ्या मनांत घोळूं लागला. त्या वहीची हकीकत पुढें येईलच.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. मराठी विश्वकोशानें 'परिस्थितिविज्ञान' हा शब्द स्वीकारला आहे. कोणी 'पारिस्थितिकी' असेंही म्हणतात. सजीवांचे एकमेकांशीं, आणि भोंवतालच्या माती, पाणी, हवा व ऊन यांच्याशीं जे संबंध असतात, त्यांचा अभ्यास, ही त्याची साधी व्याख्या. 'पर्यावरण' हा शब्द याहून पुष्कळच सैल असून त्यांत नदीच्या शुद्धीकरणापासून सभेंतील भाषणापर्यंत सर्व कांहीं मावतें. त्या दोहोंची गल्लत होऊं नये. मूळ युरोपीय शब्द जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यानें १८६६ सालीं घडविला, तो 'घर' या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून. पण हेकेलनें बाळाचें बारसें तेवढें केलें. पाळण्याची दोरी त्यानें फारशी ओढली नाहीं. पुढें जवळजवळ तीस वर्षें तें नांव असून नसल्यासारखेंच होतें. घराचें शास्त्र असें ज्याचें नांव, त्याचा पहिला धडा घरांत बसून देतां येत नाहीं, ही त्यांतील खरी गंमत. आणि पुढें जे जे तंटे झाले त्यांपैकीं बरेचसे या एकाच गोष्टीभोंवतीं फिरतात असें मला वाटतें.

पाळण्याची दोरी ज्यानें ओढली तो यूजेनियस वार्मिंग. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यालगत मांडो नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें १८४१ सालीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं त्याचा जन्म झाला. शिक्षण पुरें होण्यापूर्वींच, ऐन विशींत, तो ब्राझिल देशांत गेला. लागोआ सांता या खेड्यांत पेटर लुंड नांवाचा एक डॅनिश पंडित गुहांत सांपडणाऱ्या प्राचीन प्राण्यांच्या अस्थींचा अभ्यास करीत राहिला होता. त्याचा लेखनिक म्हणून वार्मिंगनें १८६३ ते १८६६ हीं वर्षें काढलीं. लेखनाचें काम आटोपलें म्हणजे त्याला मोकळा वेळ असे आणि भोंवतीं पसरलेला होता विस्तीर्ण गवताळ माळ. त्या एका गांवाच्या आसमंतांतून त्यानें सुमारें अडीच हजार जातींच्या वनस्पति गोळा केल्या. एकाच ठिकाणीं पाय रोवून, ऋतूंमागून ऋतु तोच माळ पाहणें हें भाग्य वनस्पतिशास्त्रज्ञांना फार क्वचित् लाभतें. बहुतेक जण जहाजांतून उतरत, दिसेल तें उपटीत आणि पुढच्या बंदराला लागत.

त्या काळीं विद्यापीठांतील विद्यार्थ्याला वनस्पति भेटे ती दाबलेली, वाळविलेली आणि जाड कागदावर चिकटविलेली. तिचें कूळ कोणतें, पाकळ्या किती, ती कोणत्या देशांत आढळते, एवढें सांगतां आलें कीं विद्या पुरी झाली. १८८५ पासून कोपनहेगनच्या विद्यापीठांत अध्यापक असलेल्या वार्मिंगनें विद्यार्थ्यांपुढें निराळेच प्रश्न मांडले. अमुक ठिकाणीं अमुकच वनस्पति एकत्र कां नांदतात? अगदीं भिन्न कुळांतल्या असूनही, रेताड माळावर वाढणाऱ्या वनस्पति दिसावयास एकमेकींसारख्या कां? खारट दलदलींतील पानें मांसल कां? उत्तरादाखल त्यानें पाण्याला अग्रस्थान दिलें आणि पाण्यांत राहणाऱ्या, कोरड्या जागीं राहणाऱ्या, खारट जमिनींत राहणाऱ्या आणि मध्यम ओलींत राहणाऱ्या, असे वनस्पतींचे चार मोठे समाज कल्पिले. हीं व्याख्यानें १८९५ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. त्या ग्रंथाचें डॅनिश नांव 'प्लांटेसामफुंड', म्हणजेच 'वनस्पतींचे समाज'. कुळाऐवजीं समाज हा शब्द योजण्यांतच सगळी क्रांति होती. कूळ काय तें वाळलेल्या नमुन्यावरून कळतें. समाज कळावयाचा तर त्याच्या वस्तींत जाऊन बसावें लागतें.

डॅनिश जाणणारे लोक जगांत थोडे. पण १८९६ सालीं या ग्रंथाचें जर्मन भाषांतर झालें आणि त्याला पाय फुटले. इंग्रजी आवृत्ति निघावयास मात्र १९०९ साल उजाडावें लागलें. तोंवर इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांत त्या ग्रंथानें आपलें काम करून टाकलें होतें.

त्यांपैकीं पहिला देश अमेरिका. शिकागोचें विद्यापीठ तेव्हां नुकतेंच उघडलेलें होतें. हेन्री काउल्स नांवाचा तरुण तेथें भूगर्भशास्त्र शिकावयास आला असतां, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन कूल्टर यांच्या वर्गांत त्याच्या कानांवर वार्मिंग पडला. काउल्सला तो विषय इतका भावला कीं मूळ ग्रंथ वाचतां यावा म्हणून तो डॅनिश शिकला, असें सांगतात. त्याचें नशीब असें कीं त्या ग्रंथाला शोभेल अशी भूमि शहराच्या जवळच पसरलेली होती. मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोंकाला वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत. सरोवराचें पाणी हजारों वर्षांत मागें मागें हटत गेलें. त्यामुळें कांठाजवळची टेकडी सर्वांत नवी, आणि जों जों आंत जावें तों तों टेकड्या जुन्या. कांठावर उघडी वाळू, तिच्या मागें, मुळांनीं वाळू धरून ठेवणारें गवत, त्यानंतर कॉटनवुड नांवाचीं झाडें, मग पाइन, आणि अगदीं आंत ओकचें दाट रान. गवतानें वाळू स्थिर केली कीं तीवर झुडपांचा निभाव लागतो, झुडपांच्या पाल्यापाचोळ्यानें माती झाली कीं मोठीं झाडें येतात, आणि ज्या गवतानें हा संसार मांडला त्याला त्या सावलींत जागा उरत नाहीं. या क्रमाला आज अनुक्रमण म्हणतात. काउल्सनें पाहिलें तें हें कीं एखाद्या जागेचा हजारों वर्षांचा इतिहास पाहावयाचा तर हजारों वर्षें जगण्याची गरज नाहीं; कांठापासून आंत चालत गेलें कीं पुरे.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपलीकडे वाळूवर पसरलेली मर्यादवेल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. तें नांव ज्या कोणी ठेविलें त्याला धड्याचें पहिलें वाक्य तरी निश्चित उमगलें होतें.

काउल्सचा निबंध १८९९ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर १९३४ सालीं निवृत्त होईपर्यंत तो विद्यार्थ्यांचे तांडे घेऊन त्या वाळूंतून हिंडत राहिला. त्यानें लिहिलें थोडें, चालला फार. त्याच्याबरोबर चाललेल्यांपैकीं व्हिक्टर शेल्फर्ड यानें त्याच टेकड्यांवर वाघकिडे नांवाच्या भुंगेऱ्यांच्या जाती झाडांप्रमाणेंच क्रमाक्रमानें कशा बदलतात तें पाहिलें, आणि पुढें १९१५ सालीं अमेरिकेंत या शास्त्राची परिषद स्थापन झाली तेव्हां तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. इकडे १९०६ सालीं वसविलेल्या गॅरी शहराच्या पोलादाच्या कारखान्यांनीं त्या वाळूचा बराच भाग गिळला. उरलेली भूमि राखावी म्हणून १९१६ सालीं सरकारी अधिकाऱ्यापुढें जी सुनावणी झाली तींत काउल्सनें साक्ष दिली. त्या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला तो २०१९ सालीं, म्हणजे शंभरावर वर्षांनीं. आपल्या वर्गाची जागा वांचविण्यासाठीं साक्षीस उभें राहण्याची पाळी इतर कोणत्या शास्त्राच्या अध्यापकावर आली असेल असें मला वाटत नाहीं.

त्याच सुमारास नेब्रास्कांत फ्रेडरिक क्लेमेंट्स आणि रॉस्को पाउंड हे दोघे तरुण दुसरीच एक गोष्ट शिकत होते. मैलोगणती पसरलेल्या गवताळ प्रदेशांत कोणती वनस्पति किती, हें नजरेनें सांगतां येईल असा त्यांचा समज होता. त्यांनीं जमिनीवर चौकोन आंखून त्यांतील रोपें एकेक करून मोजलीं, आणि नजरेचा अंदाज साफ चुकतो असें त्यांना आढळून आलें. ज्या फुलांचा रंग भडक तीं डोळ्यांना पुष्कळ दिसतात; लाजरीं-बुजरीं हजारोंनीं असलीं तरी नजरेंतून निसटतात. हा चौकोन आज जगांतील प्रत्येक विद्यापीठांत नवशिक्याच्या हातीं दिला जातो. पाउंड पुढें कायद्याकडे वळला आणि हार्वर्डच्या विधिशाखेचा प्रमुख झाला. प्रत्यक्ष मोजल्यावांचून डोळ्यांवर विश्वासूं नये, हा धडा तेथेंही त्याच्या उपयोगीं पडला असावा.

दुसरा देश इंग्लंड, आणि तेथें मात्र पहिल्या धड्यावरून खरोखरीची लढाई झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकविणाऱ्या आर्थर टॅन्स्लीच्या हातीं वार्मिंगचें जर्मन भाषांतर पडलें. १८९९ सालीं त्यानें त्याच्या आधारें एक व्याख्यानमाला दिली. ती टॉयन्बी हॉल या पूर्व लंडनच्या गरीब वस्तींतील संस्थेंत. वार्मिंगनें डेन्मार्कांत वर्णिलेले समाज आपल्या देशांत कोठें दिसतात तें पाहण्यासाठीं तो स्वतः इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून भटकूं लागला. त्याचे वरिष्ठ सहकारी एफ. डब्ल्यू. ऑलिव्हर हे १९०४ पासून विद्यार्थ्यांना समुद्रापलीकडे ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील एका खाजणांत नेऊं लागले. कोंकणी माणसाला खाजण म्हणजे काय तें सांगणें नकोच. भरती कोठवर येते, चिखल किती खारट, त्या खारटपणाबरोबर रोपांच्या जाती कशा पालटतात, याचे नकाशे मुलांनीं गुडघाभर चिखलांत उभें राहून काढले. मंडळी जमत गेली, आणि १९१३ सालीं ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. या शास्त्राची जगांतील ती पहिली परिषद असून टॅन्स्ली तिचा पहिला अध्यक्ष होता.

एवढें झालें तरी विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला काय शिकवीत? तेंच जुनें. शेवाळ, नेचे, सूचिपर्णी, सपुष्प अशी वर्गांची रांग लावावयाची, प्रत्येकाचा एकेक नमुना चिरावयाचा, त्याच्या अवयवांचीं चित्रें काढावयाचीं आणि कोण कोणापासून उत्क्रांत झाला तें पाठ करावयाचें. १९१७ च्या डिसेंबरांत टॅन्स्लीनें स्वतः चालविलेल्या 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या मासिकांत पांच वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सह्यांचें एक निवेदन प्रसिद्ध झालें. सही करणाऱ्यांत टॅन्स्ली आणि ऑलिव्हर होते, ब्लॅकमन बंधु होते, कीबल होता. मागणी साधी दिसे: प्राथमिक वनस्पतिशास्त्राच्या शिक्षणाचा पाया बदला; जिवंत वनस्पति कशी जगते आणि कोठें व कोणाच्या संगतींत जगते, येथून आरंभ करा; आकाररचना आणि वंशावळी यांना त्यामागून यथायोग्य जागा द्या.

या मागणीनें जो गदारोळ उडाला तो आज वाचतांना हसूं येतें. रशियांतील क्रांति तेव्हां अगदीं ताजी होती. ग्लासगोचे बुजुर्ग प्राध्यापक बॉवर यांनीं या निवेदनाला वनस्पतिशास्त्रांतील बोल्शेव्हिझम म्हणून हिणविलें. पण प्रतिपक्षाची बाजू अगदींच पोकळ होती असें मी म्हणणार नाहीं. ज्याला गवताच्या दोन जाती ओळखतां येत नाहींत त्यानें गवताळ रानाच्या समाजाविषयीं काय बोलावें? नांवें आणि अवयव हीं या शास्त्राचीं मुळाक्षरें आहेत, आणि मुळाक्षरांचा कंटाळा येतो म्हणून तीं गाळून कोणी काव्य शिकवीत नाहीं. टॅन्स्लीचें उत्तर असें कीं मुळाक्षरेंच गिरवीत तीन वर्षें गेलीं आणि पुस्तक कधीं उघडलेंच नाहीं तर तें शिक्षण कसलें? दोघांचेंही म्हणणें खरें आहे. आणि म्हणूनच हा वाद मिटला असें अजूनही म्हणतां येत नाहीं.

टॅन्स्लीला त्या लढाईंत यश आलें नाहीं. त्याचें मन मानसशास्त्राकडे ओढलें गेलें, तो व्हिएन्नास जाऊन फ्रॉइडपाशीं राहिला, आणि १९२३ सालीं केंब्रिजची नोकरी त्यानें सोडली. पण त्याच वर्षीं त्यानें नवशिक्यांसाठीं एक छोटेसें पुस्तक लिहिलें, तें हातांत घेऊन थेट शेताच्या बांधावर जावें असें. १९२७ सालीं ऑक्सफर्डनें त्याला अध्यापकपद दिलें. आणि १९३५ सालीं, क्लेमेंट्सच्या पंथाचे लोक वनस्पतींच्या समाजाला एकसंध प्राणी मानूं लागले याचा वैताग येऊन त्यानें एक खंडनपर लेख लिहिला, त्यांत ओघांत एक नवा शब्द वापरला. सजीव आणि त्यांच्या भोंवतालची निर्जीव सृष्टि मिळून जी एक व्यवस्था होते तिला त्यानें दिलेलें तें नांव आपण मराठींत 'परिसंस्था' असें करतों. आज कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर असणारा हा शब्द अशा रीतीनें एका भांडणांत जन्मला.

ऑक्सफर्डांतच चार्ल्स एल्टन होता. विद्यार्थिदशेंतच, १९२१ सालीं, तो ज्यूलियन हक्स्ली यांच्याबरोबर उत्तर ध्रुवाकडील स्पिट्सबर्गेन बेटांवर गेला. तेथें सजीवांच्या जाती थोड्या, त्यामुळें कोण कोणाला खातो तें साखळीसारखें सलग दिसतें. हक्स्लींच्या सांगण्यावरून त्यानें १९२७ सालीं 'अ‍ॅनिमल इकॉलॉजी' हें पुस्तक अवघ्या तीन महिन्यांत लिहून काढलें, वय सव्वीस-सत्तावीस. अन्नसाखळी, संख्येचा मनोरा, आणि समाजांत प्रत्येक प्राण्याचा जो कामधंदा असतो तो, या कल्पना विद्यार्थ्यांच्या हातीं प्रथम त्या पुस्तकानें दिल्या. आपल्याकडे गांवगाड्यांतील बलुतेदार ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही तिसरी कल्पना समजावून सांगावी लागत नाहीं. गांव बदलला तरी सुताराचें काम कोणीतरी करतोच. तसें एका रानांत जें काम कोल्हा करतो तें दुसऱ्या रानांत दुसराच कोणी करतो.

येथवर वनस्पतींचे पाठ निराळे आणि प्राण्यांचे निराळे होते. दोहोंना एका पंक्तीला बसविणारा पहिला यशस्वी गृहस्थ म्हणजे जॉर्जिया विद्यापीठांतील यूजीन ओडम. १९४६ च्या सुमारास तेथील जीवशास्त्राचे अध्यापक, सर्व विद्यार्थ्यांना सक्तीनें कोणते विषय शिकवावे याची यादी करावयास बसले होते. ओडमनें परिस्थितिविज्ञानाचें नांव सुचवितांच सहकारी हंसले. रानांत जाऊन काय सांपडतें त्याच्या याद्या करावयाच्या, यापलीकडे त्यांत आहे काय? त्याला स्वतःचे असे सिद्धान्त आहेत का? हंसण्याचा ओडमला राग आला, परंतु प्रश्न बिनतोड आहे हें त्याच्या ध्यानांत आलें. सिद्धान्त आहेत तर ते एका ठिकाणीं लिहिलेले कोठें आहेत? मग ते आपणच लिहावे, असें त्यानें ठरविलें आणि धाकटा भाऊ हॉवर्ड याच्या साहाय्यानें १९५३ सालीं 'फंडामेंटल्स ऑफ इकॉलॉजी' प्रसिद्ध केलें.

त्या पुस्तकाचें वैशिष्ट्य त्याच्या आरंभांत होतें. त्यापूर्वींचीं पुस्तकें एकेका जातीपासून सुरुवात करून समूहाकडे चढत. ओडम एकदम सबंध तळ्यापासून सुरुवात करतो. ऊन पाण्यांत शिरतें, सूक्ष्म शेवाळ तें साठवितें, त्याला बारीक कीटक खातात, त्यांना मासे, आणि सर्वांचे अवशेष तळाच्या चिखलांत जंतु कुजवितात. दर पायरीवर ऊर्जेचा मोठा वांटा उष्णतारूपानें निघून जातो, मूलद्रव्यें मात्र फिरून फिरून येतात. या विचाराचा पाया रेमंड लिंडमन नांवाच्या तरुणानें मिनेसोटांतील एका लहानशा तळ्यावर घातला होता. त्याचा लेख परीक्षकांनीं आधीं नाकारला. येल येथील प्राध्यापक हचिन्सन यांनीं रदबदली केल्यावर तो स्वीकारला गेला. पण १९४२ सालीं तो छापून येण्यापूर्वींच लिंडमन सत्ताविसाव्या वर्षीं मरण पावला. एरव्हीं तो लेख तज्ज्ञांच्या कपाटांत पडून राहता. ओडमच्या पुस्तकानें तो पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत नेला.

आपल्या देशांत या विषयाचा आरंभ गंगेच्या कांठीं झाला. अलाहाबादेच्या महाविद्यालयांत शिकविणारे डजन यांनीं १९२० सालीं गंगेच्या वरच्या मैदानाविषयीं एक लेख प्रसिद्ध केला. पण शास्त्राला विद्यापीठांत स्थान मिळवून दिलें तें रामदेव मिश्र यांनीं. १९०८ सालीं जन्मलेले मिश्र हे लीड्स येथें पिअर्सल यांच्या हाताखालीं १९३७ सालीं डॉक्टर झाले. इंग्लंडच्या सरोवरांतील चिखल आणि त्यांत उगवणाऱ्या पाणवनस्पति हा त्यांचा विषय होता. परत आल्यावर काशीच्या हिंदु विद्यापीठांत त्यांनीं या विषयाचें अध्यापन सुरू केलें आणि पदव्युत्तर वर्गासाठीं देशांतील पहिला अभ्यासक्रम आंखला. पन्नासांहून अधिक विद्यार्थी त्यांच्यापाशीं डॉक्टर झाले आणि निरनिराळ्या विद्यापीठांत जाऊन शिकवूं लागले. महाराष्ट्रांतलें एक नांव येथें अपरिहार्य आहे. पुण्याचे माधव गाडगीळ १९६९ सालीं हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन, तेथें कांहीं काळ शिकवून, मायदेशीं परतले, आणि वा. द. वर्तक यांच्यासमवेत सह्याद्रींतल्या देवरायांचा अभ्यास करूं लागले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत १९८३ मध्यें या शास्त्राचें जें केंद्र निघालें त्याचे संस्थापक तेच. परदेशीं शिकलेलें गणित घेऊन ते देवरायांत गेले, हें वार्मिंगच्या परंपरेला धरूनच झालें.

परंतु पदव्युत्तर वर्ग हा मूठभरांचा. सर्वसामान्य विद्यार्थ्यापर्यंत हा विषय पोंचला तो न्यायालयाच्या आज्ञेनें. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २२ नोव्हेंबर १९९१ रोजीं, पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीनें शिकविला जावा, असा निर्णय दिला. अंमलबजावणीला बारा वर्षें लागलीं. मग विद्यापीठ अनुदान आयोगानें कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठीं सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम काढला, आणि पुण्याचे शल्यविशारद व निसर्गाभ्यासक एरच भरूचा यांनीं आयोगासाठीं त्याचें पाठ्यपुस्तक लिहिलें. लक्षावधि तरुणांना एकदम पहिला धडा! वार्मिंगच्या स्वप्नांतही इतका मोठा वर्ग आला नसेल.

त्या अभ्यासक्रमाचें गणित मी मुद्दाम मांडून पाहिलें. एकूण व्याख्यानें ५०. त्यांपैकीं परिसंस्थेला ६, आणि वर्गाबाहेर प्रत्यक्ष पाहण्याला ५ व्याख्यानांइतका वेळ. परीक्षेच्या १०० गुणांपैकीं २५ क्षेत्रकार्यासाठीं. आंखणारांनीं पाहण्याला एक चतुर्थांश गुण दिले, याबद्दल त्यांचें कौतुकच केलें पाहिजे. तळें, नदी, टेकडी यांचीं नांवेंही त्यांनीं त्यांत घातलीं होतीं. त्या २५ गुणांचें पुढें काय झालें तें मला भाचीच्या वहीवरून कळलें.

ती तेव्हां वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. एके दिवशीं संध्याकाळीं येऊन म्हणाली, "मामा, तळ्याची परिसंस्था दोन पानांत लिहून दे ना. उद्यां वही द्यायची आहे."

"कोणतें तळें?"

"कोणतंही. सगळ्यांनी तळंच लिहिलंय."

महाविद्यालयाजवळच्या दुकानांत तयार वह्या मिळत. तींत तळ्याचें चित्र, चित्रांत कमळ, बेडूक, बगळा. साठ मुलांच्या वह्यांत तोच बगळा उभा होता. मी लिहून दिलें नाहीं, म्हणून ती रुसली. पण त्या वर्षीं त्यांच्याकडे एक तरुण अध्यापिका नवीन आल्या होत्या. त्यांनीं त्या साठही वह्या परत केल्या आणि पुढच्या रविवारीं, यावयाचें असेल त्यांनीं वेताळ टेकडीवर यावें, असें सांगितलें. अकरा मुलें आलीं. भाचीला पोंचविण्याच्या निमित्तानें बारावा मी.

भाद्रपदाचे दिवस होते. बाईंच्या पिशवींत चार खुंट्या आणि कपडे वाळत घालावयाची दोरी, एवढेंच साहित्य. एक चौकोन त्यांनीं वनखात्यानें लावलेल्या ग्लिरिसिडियाच्या झाडांखालीं आंखावयास लावला, दुसरा उघड्या माळावर. प्रत्येक चौकोनांत काय काय उगवलें आहे आणि तें किती, हें मोजावयाचें. नांव येत नसेल तर पान चिकटवून त्याला आपणच एक नांव द्यावयाचें. झाडांखालचा चौकोन दहा मिनिटांत संपला. माळावरचा संपेना. गवतच चार-पांच प्रकारचें निघालें. कुसळीचीं कुसळें सर्वांच्या पायमोज्यांत शिरलीं. मुळाक्षरें येत नसल्याची अडचण पावलोपावलीं भासूं लागली, आणि ग्लासगोचे बॉवर मला त्या क्षणीं अगदींच चुकीचे वाटले नाहींत.

तेवढ्यांत भाचीचें आणि तिच्या मैत्रिणीचें भांडण जुंपलें. गवताचे दोन जुडगे हातभर अंतरावर उभे होते. मैत्रीण म्हणे, दोन मोज. भाचीनें माती उकरून पाहिली तों खालून दोघांना जोडणारा एक धुमारा निघाला. ती म्हणाली, हें एकच आहे. मग बाकीचे सगळे जुडगे? तेही उकरावयाचे? कीं वरून दिसतील तसे मोजावयाचे? दोघी बाईंकडे गेल्या.

बाईंनीं तो धुमारा पाहिला, पुन्हां मातीनें झांकला, आणि म्हणाल्या, "तुम्ही काय ठरवताय? जे ठरवाल ते वहीत आधी लिहा, आणि मग शेवटपर्यंत तसंच मोजा."

दोघी पुन्हां चौकोनापाशीं येऊन बसल्या. ऊन चढूं लागलें होतें. मी घरीं जाऊं का म्हणून विचारलें, तर भाचीनें मानही वर केली नाहीं.